चूल विझली, धुराडे मात्र उघडेच!

जुन्या बंगल्यातील वापरात नसलेल्या धुराड्यातून थंडीत वारा येतो, पावसाळ्यात पाणी. ते बंद जरूर करा. पण कुठे, किती आणि कसे, हे समजून घेऊनच.

डिसेंबरची रात्र. दारे-खिडक्या बंद, पडदे ओढलेले. तरीही दिवाणखान्यात बसलेल्या आजींच्या पायांना गार वारा झोंबतो. सूनबाई दाराच्या फटीत जुनी चादर कोंबते, पण वारा थांबत नाही. थांबणार कसा? तो येतो भिंतीतल्या फायरप्लेसमधून. तिच्या फळीवर आता गणपती आणि घरातले फोटो मांडलेले असतात.

झाशीतील जुन्या बंगल्यांत हा अनुभव नवा नाही. १७४२ मध्ये नारोशंकर झाशीचे सुभेदार झाले आणि मराठी कुटुंबे इथे रुजली. पण फायरप्लेस आणि तिचे उंच धुराडे ही इंग्रजांची देणगी. १८८६ मध्ये शिंद्यांना ग्वाल्हेरचा किल्ला परत मिळाला व झाशी इंग्रजांकडे गेली. पाठोपाठ रेल्वे आली, साहेबांसाठी बंगले उठले. साहेब गेले, घरात गॅस आणि विजेचा हीटर आला. फायरप्लेस थंडावली, तरी धुराड्याचे तोंड आभाळाकडे उघडेच राहिले.

वारा येतो कसा?

धुराडे म्हणजे एक उभी नळी. थंडीत खोलीतली ऊबदार हवा हलकी होऊन तिच्यातून वर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला फटीफटींतून गार हवा आत शिरते. बाहेर जोराचा वारा असला की तो थेट वरून खाली उतरतो. उन्हाळ्यात जाड भिंतींतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड, म्हणून जड असते. ती खाली खोलीत उतरते आणि तिच्यामागे वरून लू व धूळ ओढली जाते. पावसाचे पाणी तर जुनी काजळी भिजवत येते. भिंतीवर तपकिरी डाग उमटतात आणि कितीही रंग दिला तरी ते पुन्हा वर येतात.

आधी हे तपासा

त्या खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवत असाल, तर धुराडे मुळीच बंद करू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्याने उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसे दगावतात. ज्या धुराड्याला आपण वाऱ्यासाठी नावे ठेवतो, त्यानेच कदाचित घर आजवर सांभाळलेले असते! म्हणून आधी शेगडी खोलीबाहेर, मगच धुराडे बंद.

दुसऱ्या खोलीची फायरप्लेस त्याच धुराड्याला जोडलेली नाही ना, हेही पाहा. आत पक्ष्यांची अंडी-पिल्ले असतील, तर ती उडून जाईपर्यंत थांबा.

वर छत्री, खाली जाळी

धाब्याच्या घराच्या सवण्यावर पाऊस आला की झाकण घालत. इथेही तत्त्व तेच, फक्त हवेला वाट ठेवायची.

आधी काजळी व घरट्यांचा कचरा साफ करून घ्या. मग अनुभवी गवंड्याकडून धुराड्याच्या चार कोपऱ्यांवर विटांचे चार ते सहा इंच उंचीचे ठोकळे बांधून घ्या आणि त्यांवर दगडी फरशी बसवा. फरशी चारी बाजूंनी दोन-तीन इंच बाहेर यावी व तिला थोडा उतार असावा. मधल्या मोकळ्या जागेत बारीक तारेची जाळी लावा. म्हणजे कबुतरे आत येणार नाहीत. धुराडे गच्चीला मिळते तिथला वाटा फुटला असेल, तर तोही दुरुस्त करा. बरेचदा गळती तिथूनच होते. बांधकाम जुने चुन्याचे असेल तर दुरुस्तीही चुन्यानेच करावी. कडक सिमेंट आत ओल कोंडते. हे काम जूनच्या आधी उरकावे.

खाली फायरप्लेसच्या तोंडाच्या मापाची प्लायवुडची फळी बसवा. कडांना फोमची पट्टी लावा आणि मध्ये हातभर नव्हे, वीतभर जाळी ठेवा. एवढ्या जाळीतून बोचरा वारा येत नाही. पण नळीत हवा खेळती राहून भिंत कोरडी राहते. दोन्ही तोंडे गच्च लिंपली, तर आतली ओल भिंतीतूनच बाहेर येणार.

घाई असेल तर जुने कपडे भरलेले पोते नळीत घट्ट बसवता येते. मात्र त्याची दोरी बाहेर लोंबती ठेवा आणि ‘धुराडे बंद आहे, आग पेटवू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा. उद्या एखाद्या पाहुण्याने हौसेने लाकडे पेटवली, तर धूर खोलीतच कोंडेल.

खर्च फरशीचा, फळीचा आणि गवंड्याच्या एक-दोन दिवसांच्या मजुरीचा. पण पुढच्या डिसेंबरात आजींना पायांवर शाल ओढून घ्यावी लागणार नाही, आणि शेगडी खोलीत आणण्याची गरजही भासणार नाही.