आनंदीबाईंचा कागद कुठे आहे?

आज आपण राण्यांच्या गोष्टींबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात राण्या कुठून आल्या, असं वाटेल. पण त्याला कारण आमच्याच एका गटात घडलं.

मागच्या पावसाळ्यात महिन्याची बैठक सुरू होती. हिशोब वाचून झाल्यावर एक ताई म्हणाल्या, ‘‘कर्जाच्या हप्त्याचा आकडा पासबुकाशी जुळत नाही, जरा दाखवा.’’ मागून कोणीतरी बोललं, ‘‘आली वं माय आनंदीबाई! आता ध चा मा करते!’’ सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. ताई गप्प बसल्या आणि पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत.

मग आम्हाला वाटलं, ज्या बाईचं नाव आपण शिवीसारखं वापरतो, ती होती तरी कोण?

आनंदीबाई म्हणजे पुण्याच्या राघोबादादा पेशव्यांच्या पत्नी. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादा त्यांचे सख्खे काका. नारायणरावाला ‘धरावे’ असं पत्र काकांनी दिलं आणि आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण असा बदललेला कागद इतिहासकारांच्या हाती लागलेला नाही. ही दंतकथा आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाची चौकशी केली आणि दोषी ठरवलं ते राघोबादादांना. म्हणजे बघा, निकाल नवऱ्यावर लागला आणि म्हण बायकोच्या नावानं झाली.

पुढे 1783 मध्ये राघोबादादा कोपरगावला वारले. आनंदीबाईंचे उरलेले दिवस पहाऱ्यात गेले आणि 1794 मध्ये नाशिकजवळच्या आनंदवल्लीला त्या गेल्या. त्या अगदी निर्दोष होत्या, असं आमचं म्हणणं नाही. पण ज्या कागदावरून आपण त्यांना दोष देतो, तो कागद कोणी पाहिला आहे?

आता कादंबरीचं सांगतो. ऐतिहासिक कादंबरीत दोन धागे असतात. माणसांची नावं, लढाया, जन्म-मृत्यूच्या तारखा हा इतिहासाचा धागा. रात्री दिव्याच्या उजेडात राजा राणीशी काय बोलला, हा लेखकाच्या कल्पनेचा धागा. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ 1962 साली आली. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई यांच्यावरची ही कादंबरी वाचताना आजही डोळ्यांत पाणी येतं. माधवराव 1772 मध्ये थेऊरला क्षयानं गेले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास. त्यांचे संवाद मात्र देसाईंचे. यात लबाडी नाही, कादंबरीचं कामच ते आहे. आपण ऐकणाऱ्यांनी दोन्ही धागे वेगळे ओळखायला हवेत.

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. गोष्टींत राणी बहुतेक तीनच रूपांत येते. नवऱ्यामागे जाणारी सती, कपट करणारी बाई किंवा तलवार घेतलेली वीरांगना. जी या तीन साच्यांत बसत नाही, तिची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

अशी एक राणी आपल्याच मुलुखातली आहे. वर्धा जिल्हा 1862 मध्ये वेगळा झाला. त्याच्या आधी हा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातल्या बांकाबाई या दुसऱ्या रघूजीराजांच्या विधवा. 1818 मध्ये इंग्रजांनी लहानग्या तिसऱ्या रघूजीला गादीवर बसवलं, तेव्हा त्या मुलाची आणि वाड्याची जबाबदारी बांकाबाईंवर आली.

झाशीचे गंगाधरराव 21 नोव्हेंबर 1853 ला वारले. वीस दिवसांनी, 11 डिसेंबरला, नागपूरचे तिसरे रघूजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. राण्यांनी नात्यातला मुलगा दत्तक घेतला, पण गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्याचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मातीमोल भावानं विकले गेले. दागिने लिलावासाठी कलकत्त्याला गेले. वाड्यातलं सामान उचलायला माणसं आली, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या बांकाबाईंनी बजावलं, की सामान हलवाल तर वाडाच पेटवून देईन. तरीही सामान गेलंच.

झाशीच्या राणीनं तलवार उचलली, तिचं नाव आपल्या मुलींनाही पाठ आहे. बांकाबाई 1857 च्या लढ्यात उतरल्या नाहीत. घराण्याचं जे उरलं ते वाचवत राहिल्या. कोणाला हे पटेल, कोणाला पटणार नाही. पण अर्ज करणारी, घर सांभाळणारी, डोळ्यांदेखत दारातून सामान जाताना पाहणारी बाई आपल्याला परकी वाटते का? कर्ज थकल्यावर असा दिवस पाहिलेली बाई आपल्या प्रत्येक गावात आहे.

म्हणून मालिका बघा, कादंबरी मिळाली तर एकीनं मोठ्यानं वाचा, बाकीच्यांनी ऐका. ऐकताना तीन प्रश्न विचारा. हे घडलं त्याचा पुरावा काय? हे कोणी आणि किती वर्षांनी लिहिलं? त्या बाईची स्वतःची बाजू कुठे आहे?

हेच प्रश्न आपल्या गटालाही लागू पडतात. त्या ताईंच्या घरी आम्ही गेलो, आमच्या हसण्याबद्दल माफी मागितली आणि त्यांना घेऊन पासबुक तपासलं. एक हप्ता वहीत दोनदा लिहिला गेला होता. चूक लिहिणारीची होती, लबाडी कोणाचीच नव्हती. आणि ताई तर कागद बदलत नव्हत्या, कागद दाखवा म्हणत होत्या!

तेव्हापासून त्या गटात ठराव पुस्तक आणि हिशोब सह्या होण्याआधी मोठ्यानं वाचला जातो. खाडाखोड झाली तर बाजूला अध्यक्ष आणि सचिव दोघींची सही घेतात. आपल्यामागे आपल्याबद्दल कोण काय सांगेल, ते आपल्या हातात नाही. आपला कागद मात्र आपल्या हातात आहे. तो नीट ठेवू या.