गाजरगवताचे पराग आणि पोटातले बाळ

पावसाच्या दोन-तीन चांगल्या सरी पडल्या की वर्धा जिल्ह्यातले धुरे, पांदण रस्ते, गावकुसाच्या पडीक जागा हिरव्यागार होतात. त्यातला बराचसा हिरवेपणा गाजरगवताचा असतो. महिना-दीड महिन्यात त्याला बारीक पांढरी फुले येतात आणि निंदणाला गेलेल्या काही बायांना शिंका सुरू होतात, डोळे लाल होतात. त्यांच्यात एखादी गरोदरही असते. तिच्या अंगातली ही अॅलर्जी पोटातल्या बाळापर्यंत पोहोचत असेल का?

गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५५च्या सुमारास ते पुण्यात लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. त्याचे पराग नाकात गेले की काही माणसांचे शरीर त्यांना शत्रू समजते आणि आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पॉल एर्लिक यांनी १८७८ मध्ये या पेशींचे वर्णन केले. दाण्यांनी गच्च भरलेल्या म्हणून त्यांनी ‘धष्टपुष्ट’ अशा अर्थाचे नाव त्यांना दिले. त्या दाण्यांत हिस्टामिन असते. तेच पराग पुन्हा आले की दाणे फुटतात आणि शिंका, खाज, दम असा सगळा त्रास सुरू होतो.

आयजीई काही केवळ त्रासासाठी जन्मलेले नाही. कृमींविरुद्धच्या लढ्यात शरीर त्याचा वापर करते. हत्तीरोगाच्या कृमीवर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला अनेक वर्षे संशोधन झाले आहे आणि हत्तीरोगाच्या रुग्णांतही आयजीई वाढलेले आढळते.

आता बाळाकडे येऊ. नवजात बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून शिकाऊ असते, म्हणून आई त्याला शिदोरी बांधून देते. आयजीजी नावाची तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय असो की खेड्यातले उपकेंद्र, गरोदरपणात धनुर्वाताची लस दिली जाते ती याच भरवशावर. सुई आईला टोचली जाते, संरक्षण बाळालाही मिळते.

आयजीई मात्र ही वार ओलांडत नाही, असेच मानले जात होते. २०२० मध्ये सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएस वैद्यकीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वेगळे चित्र मांडले. त्यांनी उंदराच्या माद्यांना रॅगवीड या तणाच्या परागांची अॅलर्जी निर्माण केली. पुढे त्यांना झालेल्या पिल्लांनी ते पराग आयुष्यात प्रथमच हुंगले, तरी त्यांना अॅलर्जी झाली. आईचे आयजीई एफसीआरएन या वाहक प्रथिनाच्या मदतीने वार ओलांडून गर्भातल्या मास्ट पेशींवर बसले होते. आयजीजीलाही पलीकडे नेते ते हेच प्रथिन. पिल्लांना धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांचा मात्र त्रास झाला नाही. आईला ज्याची अॅलर्जी, तेवढीच पिल्लाकडे गेली आणि काही आठवड्यांत ती ओसरली.

वर्ध्याच्या वाचकाने इथे थांबावे, कारण रॅगवीड आणि गाजरगवत एकाच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातले. दोघांच्या परागांतली काही प्रथिने इतकी सारखी की एकावर तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटतात.

अर्थात हा प्रयोग उंदरांवरचा आहे. माणसाच्या गर्भातल्या मास्ट पेशींनाही आयजीई चिकटते हे प्रयोगशाळेत दिसले, पण त्यावरून कोणत्याही गरोदर बाईने घाबरून जाऊ नये. दमा किंवा अॅलर्जीची औषधे मनाने बंद करणे तर धोक्याचेच. आईला अॅलर्जी असली तरी बाळाला पहिले चिकाचे दूध द्यायलाच हवे.

गावाच्या हातात एक साधे काम आहे. गाजरगवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचे. पाने कुरतडणारे मेक्सिकन भुंगेही पावसाळ्यात सोडता येतात. या उपटणीच्या दिवशी गरोदर बाईला आणि दम्याच्या माणसाला तेवढे घरी राहू द्यावे.