मिनिटाला तीन हजार फेरे

नागपूरच्या उत्तरेला कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. त्यांच्या पायथ्याशी ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. वीज देत असताना त्यांतलं प्रत्येक टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं आणि आपल्या विजेची ५० हर्ट्झ वारंवारिता त्या फेऱ्यांतून येते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून पंजाबातली, कोराडीतली आणि तामिळनाडूतली टर्बाइनं एकाच तालात फिरताहेत. मे महिन्यात नागपूरच्या धरमपेठेत कुणी कूलर लावला, तर तो भार कणभर का होईना, त्या सगळ्यांवर पडतो! मला तरी हे कितीदा ऐकलं तरी नवंच वाटतं.

बॉयलरच्या आतली गोष्ट आणखी विलक्षण आहे. पूर्ण भारावर तिथला दाब २२१ बारच्या वर असतो. एवढ्या दाबाखाली पाणी उकळतच नाही. एकही बुडबुडा न येता त्याची वाफ होऊन जाते. या वाफेवर लक्ष ठेवतो तो कंट्रोल रूममधला ऑपरेटर, शिफ्टमागून शिफ्ट. कोळसा किती, हवा किती, पाणी किती, याचा हिशेब संगणक क्षणोक्षणी स्वतःच जुळवत असतो. मग माणूस कशाला हवा?

ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी २०१३मध्ये यंत्रं कुणाचं काम घेतील हे पाहायला ७०२ व्यवसाय तपासले, तेव्हा वीज केंद्राचा ऑपरेटर त्यांना जास्त धोक्याच्या गटात दिसला. भीती खोटी नाही, पण कोराडीत माणसं कमी लागण्याचं मोठं कारण यंत्राच्या आकारात आहे. इथला पहिला संच १९७४चा. ते सुरुवातीचे चार संच एकत्र धरले, तरी त्यांची क्षमता आजच्या एका संचापेक्षा कमी भरते. चार बॉयलर, चार टर्बाइनं आणि त्यांच्यामागची माणसं, एवढ्यांचं काम आता एक संच करतो. मेगावॉटमागे माणसं घटली ती अशी, आणि ती पुन्हा वाढणार नाहीत.

उरलेल्या माणसाचं काम मात्र सोपं झालेलं नाही. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३मध्येच हे ओळखलं होतं. सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाच्या वाट्याला फक्त अवघड क्षण उरतात आणि रोजचा सराव सुटल्यामुळे नेमक्या त्याच क्षणी हात अडखळतो. कोळसा दळणारी मिल अचानक बंद पडली, भट्टीतली ज्वाला डळमळली, की संच ट्रिप होण्याआधी, म्हणजे आपोआप बंद पडण्याआधी, विचार करायला फारसा वेळ मिळत नाही.

आणि असे क्षण आता वाढत चाललेत, ते सूर्यामुळे. दुपारी सौर वीज भरपूर येते तेव्हा कोळशाच्या संचांनी खाली उतरायचं आणि संध्याकाळी झपाट्याने वर चढायचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या नियमांनुसार कोळशाच्या संचांना टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत उतरता यायला हवं. पण ही यंत्रं मुळात एका भारावर सलग चालण्यासाठी घडवलेली. भार फार उतरला की ज्वाला अस्थिर होते, तेलाचा आधार द्यावा लागतो. दाब घटतो आणि आतलं पाणी पुन्हा उकळू लागतं. बॉयलरचा स्वभावच बदलतो. टर्बाइनचं जाड पोलाद रोज तापतं आणि निवतं, त्यातून धातू थकतो. किती वेगाने चढायचं, कुठे थांबायचं, कोणता आवाज वेगळा येतोय, हे ठरवायला मुरलेला माणूस लागतो.

म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या आयटीआय-डिप्लोमाच्या मुलांना मी सांगेन, की जागा कमी असतील, पण त्या पोरखेळाच्या नसतील. नागपुरातच राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण प्रतिष्ठानात सिम्युलेटर आहे. तिथे खऱ्या बॉयलरला धक्का न लावता संच मुद्दाम बिघडवता येतो, ट्रिप करता येतो आणि पुन्हा पहिल्यापासून चालू करता येतो, हात बसेपर्यंत.