विश्लेषण : करोनाकाळात पहिलीत असलेली मुले वाचनात अजून मागे का? उपाय काय?

करोनाकाळातील शैक्षणिक नुकसान भरून निघाले, असे ‘असर २०२४’ या अहवालानंतर अनेकदा म्हटले गेले. सरासरीपुरते ते खरे आहे. मात्र या काळात ज्यांची पहिली घरातच गेली, ती मुले दरम्यान वाचन शिकवणाऱ्या वर्गांच्या पुढे निघून गेली आहेत.

नुकसान नेमके कोणाचे झाले?

राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग सुरू करण्यास १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात नीट बसले, तेव्हा दुसरीही संपत आली होती. बाराखडी, जोडाक्षरे, हातच्याची बेरीज-वजाबाकी या गोष्टी ज्या वयात हात धरून शिकवल्या जातात, ते वय निघून गेले होते. मोठ्या मुलांचा धडा चुकला; या मुलांचे वाचायला शिकणेच चुकले.

योगायोगाने हीच तुकडी ‘असर’च्या ग्रामीण पाहणीत दोनदा दिसते. २०२२ मध्ये ती तिसरीत होती. देशभरातील सरकारी शाळांत त्या वर्षी तिसरीच्या १६.३ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता येत होता. २०२४ मध्ये ती पाचवीत गेली, तेव्हा प्रमाण ४४.८ टक्के झाले. २०१८ मध्ये पाचवीचा आकडा ४४.२ होता. ‘भरून निघाले’ म्हणतात ते हेच. पण याचा दुसरा अर्थ असा, की पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नव्हते. करोनापूर्वीही ते येत नव्हते.

सोलापुरात तेव्हा काय झाले?

डिसेंबर २०२० मध्ये माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या त्यांच्या कामाची जगभर चर्चा झाली. पण कोड उघडायला फोन लागतो. त्याच वर्षी सोलापूर शहरातील नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाने नेमका हाच प्रश्न ओळखला. वस्ती कापड उद्योगातील कामगारांची आणि अनेक घरांत स्मार्टफोन नाही. शाळेने सुमारे ३०० भिंतींवर अक्षरे, गणिते, विज्ञानाचे धडे रंगवले. मुले अंतर ठेवून गल्लीतच वाचू लागली. आमच्या मते त्या काळातला हा सर्वांत शहाणा उपाय होता. तरीही भिंत चूक दुरुस्त करत नाही, ‘पुन्हा वाच’ असे म्हणत नाही.

सोलापुरात आणखी एक अडचण आहे. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू, तर अक्कलकोटकडे कन्नड बोलली जाते. अशा मुलांना मराठी रोज कानावर पडण्याची मुख्य जागा म्हणजे शाळा. शाळा बंद झाली, तेव्हा यातील मराठी माध्यमाच्या मुलांची भाषाही थांबली.

सेतू अभ्यासक्रमाने काय साधले?

१ जुलै २०२१ पासून राज्याने दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला. मागच्या इयत्तेची उजळणी आणि तीन चाचण्या असे त्याचे स्वरूप होते. तो सुरू झाला तेव्हा बहुतेक शाळा बंदच होत्या, त्यामुळे कृतिपत्रिका पुन्हा फोनवरच आल्या. शिवाय तो इयत्तेनुसार होता. चौथीच्या मुलाला तिसरीची उजळणी दिली, पण ते मूल अजून अक्षरांवर अडले असेल तर?

मग कोणता उपाय चालतो?

इयत्ता बाजूला ठेवून मुलाच्या पातळीनुसार गट करायचे : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. रोज तासभर त्या-त्या गटाला तेवढेच शिकवायचे आणि मूल पुढे गेले की गट बदलायचा. ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत रुजवली. मुंबई आणि वडोदरा येथील ‘बालसखी’ वर्गांच्या अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना अशा वेगळ्या शिकवणीचा फायदा दिसला होता. तो अभ्यास करणाऱ्यांत २०१९ चे नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पद्धत स्वस्त आहे. अवघड आहे ते वेळापत्रकातून रोजचा तास काढणे.

आता घाई कशाची?

पायाभूत वाचनाचे ‘निपुण भारत’ अभियान तिसरीपर्यंतचे लक्ष्य ठेवते. राज्याचा २०२५ चा कृती कार्यक्रम दुसरी ते पाचवीसाठी होता. करोनाकाळात पहिलीत असलेली मुले २०२५-२६ मध्ये सहावीत गेली, दुसरीत असलेली सातवीत. तेथे अक्षरओळख कोणी घेत नाही. विषयशिक्षक येतात आणि धडा पुढे सरकतो. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहते. ही पहिलीची तुकडी २०२७-२८ मध्ये आठवीत असेल.

पालकांनी काय पाहावे?

दुसरीच्या ‘बालभारती’तील न पाठ केलेला उतारा द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये टोकू नका. अडखळत का होईना वाक्य म्हणून वाचतो, की शब्द शब्द तोडतो, हे पाहा. मग ५२ मधून २७ वजा करायला सांगा. हे दोन्ही जमले नाही, तर सहावीची शिकवणी लावून पैसे घालवू नका. शिकवणाऱ्याला आधी वाचनापासून सुरुवात करायला सांगा, आणि मुलाची पातळी कोणती, हे वर्गशिक्षकांना विचारा. टक्के नंतर.