दावा पोकळ असला तरी वकील विमा कंपनीचा

लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाचे तेव्हाचे मालक जेरी बस यांच्यावर, त्यांच्या संघांसाठी जाहिरातीची कामं करणाऱ्या एका कंपनीने दावा लावला. एकाच दाव्यात 27 तक्रारी. बस यांच्याकडे ट्रान्सअमेरिका कंपनीची व्यावसायिक दायित्व पॉलिसी होती. धंदा करताना आपल्यामुळे तिऱ्हाइताला इजा झाली, त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं किंवा त्याची बदनामी झाली, तर भरपाई देणारी ही पॉलिसी. करारातलं देणं-घेणं तिच्यात येत नाही. म्हणून 27 पैकी एकच, बदनामीची तक्रार पॉलिसीत बसू शकेल अशी होती. तरीही विमा कंपनीने सबंध दाव्याच्या वकिलांची बिलं भरली. रक्कम साधारण 10 लाख डॉलरवर गेली. नुसत्या बदनामीच्या तक्रारीला फार तर 55 हजार लागले असते, असं कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञाचं म्हणणं होतं.

एवढे पैसे कंपनीने का भरले? अमेरिकेतली दायित्व पॉलिसी दोन वचनं देते. कोर्टाने भरपाई ठरवली तर ती आम्ही देऊ, हे एक. आणि तुमच्यावर दावा झाला तर तो आम्ही लढू, हे दुसरं. आपल्याकडे विमा म्हटला की पहिलंच वचन डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकाला मात्र जिवंत ठेवतं ते दुसरं. तिथे सर्वसाधारण नियमाने दावा जिंकलेल्यालाही आपल्या वकिलाचा खर्च समोरच्याकडून मिळत नाही. साक्षीपुराव्याआधी महिनोन्महिने कागदपत्रांची मागणी आणि शपथेवरच्या जबान्या चालतात, आणि वकिलांचं मीटर तासावर फिरत असतं. निर्दोष ठरेपर्यंत दुकान बंद पडलेलं असू शकतं.

म्हणून हे दुसरं वचन पहिल्यापेक्षा रुंद आहे. दावा शेवटी खरा ठरतो की खोटा, हे दावा दाखल झाल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं; आणि वकील तर त्याच दिवशी लागतो. जुन्या पॉलिसींत, आरोप निराधार, खोटे किंवा कपटाचे असले तरी आम्ही लढू, असे शब्दच छापलेले असत. 1986 च्या नमुन्यातून ते गळले, पण कर्तव्य तसंच राहिलं.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली ग्रे विरुद्ध झुरिक या खटल्यात ते ठामपणे मांडलं. खटला धंद्याचा नव्हता, एका डॉक्टरच्या वैयक्तिक पॉलिसीचा होता. रस्त्यावरच्या भांडणात डॉक्टरने मारहाण केली असा दावा होता. मुद्दाम केलेलं कृत्य पॉलिसीत नाही म्हणून झुरिक या विमा कंपनीने हात वर केले. डॉक्टरचं म्हणणं होतं की आपण स्वतःचा बचाव केला. तो एकटा लढला आणि 6 हजार डॉलरचा निकाल अंगावर घेऊन बसला. न्यायालय म्हणालं, दाव्याचं वळण पॉलिसीत बसेल अशा निकालाकडे जाण्याची शक्यता जरी असली तरी कंपनीने लढायला हवं होतं. निकालाची रक्कम आणि बचावाचा खर्च, दोन्ही झुरिकच्या माथी बसले.

ही शक्यता तपासायची कशावरून? टेक्सासमध्ये त्याला आठ कोपऱ्यांचा नियम म्हणतात: दाव्याच्या कागदाचे चार कोपरे आणि पॉलिसीचे चार, त्याबाहेर सहसा बघायचं नाही. 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या नियमाला थोडी फट पाडली, पण ती किती अरुंद ठेवली ते पाहण्यासारखं आहे. एका शेतात विहीर खोदताना नुकसान झालं. ते कधी झालं हे दाव्यात लिहिलेलं नव्हतं. ड्रिलचं पातं नोव्हेंबर 2014 च्या सुमारास अडकलं, हे, बचाव कुणी करायचा यावर भांडणाऱ्या दोन्ही विमा कंपन्यांना मान्य होतं आणि एकीची पॉलिसी तर ऑक्टोबर 2015 ला सुरू झालेली. तरीही न्यायालयाने ती तारीख विचारात घेतली नाही, कारण नुकसान केव्हा आणि कसं झालं हाच मूळ दाव्यातला वादाचा मुद्दा होता. तो विमेदाराच्या पाठीमागे, दुसऱ्याच खटल्यात ठरवून टाकणं न्यायालयाला मान्य नव्हतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. ज्याने आपल्यासाठी लढायचं, तोच आपल्याविरुद्ध पुरावा गोळा करायला लागला तर वचनाला अर्थ काय उरतो?

जुन्या कागदावरचे शब्द नव्या प्रकारच्या दाव्यांना कसे लावायचे, हाही प्रश्न येतोच. शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावातल्या, कृष्णा शॉमबर्ग टॅन या टॅनिंग सलूनवर एका ग्राहक महिलेने दावा केला. सदस्यत्वासाठी घेतलेला बोटाचा ठसा सलूनने बाहेरच्या सेवा कंपनीला दिला, हा आक्षेप. इलिनॉयमध्ये अशा माहितीसाठी 2008 चा कडक कायदा आहे. पॉलिसीत खाजगी माहिती ‘प्रसिद्ध’ केल्याची जबाबदारी होती. एकाच कंपनीला दिली, ती प्रसिद्धी कशी, असं विमा कंपनीचं म्हणणं. 2021 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकाच व्यक्तीला कळवणं हीसुद्धा प्रसिद्धी होऊ शकते, शब्द दोन्ही अर्थांनी वाचता येत असेल तर तो विमेदाराच्या बाजूने वाचायचा, आणि सलूनचा बचाव विमा कंपनीनेच करायचा.

प्रत्यक्षात विमा कंपनी सहसा सरळ नाही म्हणत नाही. ती वकील देते आणि सोबत एक पत्र पाठवते: आम्ही लढतो आहोत, पण आमचे हक्क राखून. हे पत्र फाइलला लावून विसरायचं नसतं. पॉलिसीत न बसणाऱ्या कारणाने दावा हरला तर कंपनीचा फायदा आणि विमेदाराचं नुकसान, अशी गाठ त्यात असते. आणि मधला वकील कंपनीच्या पैशाचा. 1984 च्या क्युमिस खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सांगितलं की असा हितसंबंधांचा झगडा असेल तर विमेदाराला स्वतःच्या पसंतीचा वकील मिळेल आणि त्याची फी कंपनी भरेल. 1987 मध्ये राज्याने त्यावर कायदाच केला.

आता पुन्हा बस यांच्याकडे. त्यांनी अखेर 85 लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यात विमा कंपनीने वाटा उचलला नाही. उलट तिने वकिलांवर घातलेले पैसे परत मागितले. 1997 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना थोडं-थोडं दिलं. दावा मिश्र असला तरी कंपनीने तो सबंध लढवायचा, तुकडे करत बसायचं नाही. पण ज्या तक्रारी पॉलिसीत बसण्याची शक्यताच नव्हती, केवळ त्यांच्यावर झालेला खर्च नंतर मागता येईल. तो वेगळा काढून सिद्ध करण्याचा भार मात्र कंपनीवर.

सगळ्या राज्यांनी हे मानलं नाही. इलिनॉयने 2005 मध्ये आणि पेन्सिल्वेनियाने 2010 मध्ये अशी परतफेड नाकारली. योगायोग असा की दोन्ही खटले बंदुका विकणाऱ्या व्यावसायिकांचे होते; त्यांतल्या एकावर शिकागो शहराने सार्वजनिक उपद्रवाचा दावा लावला होता. दोन्ही न्यायालयांचं म्हणणं एकच: परतफेडीचं कलम पॉलिसीत नसेल तर नंतरच्या एकतर्फी पत्राने ते घुसडता येत नाही. मला हेच पटतं. हप्ता ठरवताना कंपनीने ही जोखीम मोजलेली असते. दावा सुरू झाल्यावर विमेदार हतबल असतो. त्या क्षणी पत्र पाठवून कराराची किंमत बदलणं न्यायाचं नाही.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथून सुटे भाग पाठवणाऱ्या कारखानदारांना हे दूरचं वाटायचं कारण नाही. अमेरिकी खरेदीदार ऑर्डरबरोबरच उत्पादन दायित्वाचा विमा मागतो, अमेरिकेतल्या खटल्यांसह. इथे काढलेल्या अनेक पॉलिसींत मात्र खटला आपल्या हाती घेण्याचा कंपनीला हक्क असतो, कर्तव्य नसतं. वकिलाचा खर्च आधी लेखी संमती घेऊन मग मागायचा. आणि अमेरिकेतल्या प्रचलित पॉलिसीत हा खर्च विमा रकमेच्या बाहेर धरतात, तर इथे पुष्कळदा तो तिच्यातूनच वजा होतो. 10 लाख डॉलरच्या विम्यातले 4 लाख ओहायोतल्या वकिलाला गेले, तर जखमी माणसाच्या भरपाईला 6 लाखच उरतात. वरचे पैसे कारखान्यातून जातात. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला हप्ता विचारण्याआधी बचावाचं कलम काढून दाखवायला सांगा, आणि खरेदीदाराच्या वकिलाचं पहिलं पत्र आलं की उत्तर लिहिण्याआधी विमा कंपनीला कळवा.