शिक्रा की पावशा?

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सातवीतल्या एका मुलीने अब्बांच्या मोबाइलवरून मला एक फोटो पाठवला. घरामागच्या शेवग्यावर एक पक्षी बसला होता. आकार कबुतराएवढा, पाठ करडी, पोटावर तांबूस आडव्या रेघा, शेपटीवर गडद पट्टे, डोळा पिवळा. खाली प्रश्न होता, ‘मॅडम, हा कोण?’ मी फोटो मोठा करून पाहिला आणि मिनिटभरात उत्तर दिले, ‘शिक्रा. छोटा शिकारी पक्षी आहे.’

त्या घरी दादींनी कोंबड्या पाळल्या आहेत. नुकतीच पिल्ले निघाली होती. शिकारी पक्षी म्हटल्यावर एकच धांदल उडाली. पिल्ले टोपलीखाली झाकली गेली आणि मुलीच्या भावाने बेचकी काढली. त्याने दोन दगड मारले. नशिबाने दोन्ही चुकले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ‘मॅडम, शिक्रा सुरवंट खातो का?’

पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवेच्या थवे बसतात. नुसता हात लागला तरी अंगाला खाज सुटते. फोटो काढण्याआधी ही मुलगी दहा मिनिटे खिडकीत उभी राहून पाहत होती. तिने वहीत लिहिले होते: ‘एक सुरवंट उचलला. फांदीवर आपटला. गिळला. मग दुसरा. खाली पिल्ले होती, त्यांच्याकडे गेला नाही.’

माझा चेहरा उतरला. शिक्रा सरडे, उंदीर, लहान पक्षी, मोठे किडे पकडतो. पण केसाळ सुरवंट एकामागून एक गिळणे ही कोकिळेच्या कुळाची सवय. तो पक्षी पावशा होता. मी लगेच मुलीच्या अब्बांना फोन केला, चूक कबूल केली आणि बेचकी ठेवून द्यायला सांगितले.

दोघांत फरक कसा ओळखावा?

पावशा दिसायला इतका शिक्र्यासारखा असतो, की लहान पक्षीही त्याला पाहून बिचकतात. उडण्याची ढबही तीच: चार-दोन वेळा पंख मारायचे, मग तरंगत जायचे. मात्र नीट पाहिले तर फरक सापडतो. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली असते, पाय लांब, पिवळे, अणकुचीदार नख्यांचे. त्याच्या गळ्यावर मधोमध बारीक काळपट रेघ असते. पावशाची चोच त्या मानाने सरळ आणि बारीक, पाय आखूड आणि दुबळे. डोळ्याभोवती पिवळे कडे असते.

मुलीच्या फोटोत पाय पानांआड होते आणि चोच समोरून आली होती. म्हणजे ज्या खुणांवर निर्णय व्हायचा, त्याच फोटोत नव्हत्या. मी मात्र रंग आणि पट्टे पाहून नाव देऊन मोकळी झाले. मोबाइलचे ॲपही आपण दिलेल्या फोटोवरूनच अंदाज बांधते. जे फोटोत नाही, ते पाहणाऱ्याच्या वहीतच सापडते.

आणखी एक खूण म्हणजे आवाज. आपल्याकडचा शेतकरी या पक्ष्याच्या हाकेत ‘पेर्ते व्हा’ ऐकतो. तोच पक्षी उर्दू शायरीत पपीहा होतो आणि ‘पी कहाँ’ म्हणतो. माझ्या वर्गातल्या मुलांना पपीहा हा शब्द माहीत होता, पावशाची हाकही रोज कानावर पडत होती. पण दोन्ही एकच, हे त्यांना मी कधी सांगितले नव्हते.

पिवळ्या गळ्याची चिमणी

मी मुलांना डॉ. सालिम अली यांची हकिकत सांगितली. 1896 साली मुंबईत जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनाही ती ओळखता आली नाही. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि संस्थेचा पक्ष्यांचा संग्रहही उघडून दाखवला. तिथूनच सालिम अलींना पक्ष्यांचे वेड लागले. 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक आले. 12 नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस.

या हकिकतीत मला मामांचे वागणे मोलाचे वाटते. ‘चिमणीच असेल’ म्हणून त्यांनी मुलाला वाटेला लावले नाही. ठाऊक नाही, तर ठाऊक असलेल्याकडे पाठवले. मी शिक्षिका असून मला एका मिनिटाचा धीर निघाला नव्हता.

मुलांच्या हाती वही द्या

मुले मोबाइलवर फोटो काढतातच. सोबत एक छोटी वही द्या. तिच्यात एवढे लिहायला सांगा: तारीख, वेळ, जागा. आकार कोणासारखा: चिमणी, साळुंकी, कबूतर की घार? चोच कशी, पाय कसे, शेपटी किती लांब? काय खात होता? एकटा की थव्यात? आवाज कसा? फोटो एकाच बाजूने न काढता बाजूने, मागून, खालूनही काढावेत. उन्हाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत रंग फसवतात. घरट्याजवळ मात्र फोटोसाठी जाऊ नये.

आणि नाव सुचले तरी त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे, खात्री होईपर्यंत.

आता आमच्या वर्गात अशा सात वह्या आहेत. त्या मुलीच्या वहीत पहिल्या पानावर ‘शिक्रा’ खोडून ‘पावशा’ लिहिले आहे. खोडलेला शब्द रबराने पुसून टाकू नकोस, असे मीच तिला सांगितले. तिचा भाऊ परवा शाळेच्या फाटकाशी भेटला. म्हणाला, ‘मॅडम, तो अजून येतो. शेवगा साफ केला त्याने.’