उंबऱ्यावरचा शब्द

झावळ्यांचा रविवार होता. उपासना संपून मोठी माणसं चहाला बाहेर गेली आणि चर्चच्या मागच्या खोलीत माझा संडे स्कूलचा वर्ग भरला. सांगलीत मार्चअखेर ऊन असं तापतं की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. नऊ मुलं होती. धडा निर्गमाच्या बाराव्या अध्यायाचा. मिसरातली ती शेवटची रात्र, दाराच्या चौकटीला लावलेलं कोकराचं रक्त, कमर कसून, पायांत वहाणा घालून, हातात काठी धरून घाईघाईत खाल्लेलं जेवण. ही गोष्ट मला फार आवडते आणि मी ती मन लावून सांगते.

गोष्ट संपली तेव्हा चौथीतल्या एका मुलीने हात वर केला.

"टीचर, वल्हांडण म्हणजे काय?"

मी लहानपणी ऐकलेलं उत्तर दिलं. वल्हं मारून नाव पैलतीराला नेतात ना, तसे इस्राएली लोक तांबड्या समुद्राच्या पलीकडे गेले, म्हणून वल्हांडण.

ती पुस्तकात बघत राहिली. मग म्हणाली, "पण ते तर चालत गेले होते. कोरड्या जमिनीवरून. आणि समुद्र चौदाव्या अध्यायात येतो, टीचर. हा सण तर बाराव्यातच आहे."

खोलीत कुणी हसलं नाही. मीही नाही. तीस वर्षं मी दर पुनरुत्थानाच्या सणाआधी हा शब्द उच्चारत आले होते. प्रभुभोजनाच्या वेळी ऐकत आले होते. आणि दहा वर्षांच्या मुलीने दोन वाक्यांत दाखवून दिलं होतं की मला तो ठाऊकच नव्हता. "पुढच्या वेळी सांगते," म्हणाले आणि प्रार्थना घेऊन वर्ग सोडला.

तसे प्रश्न वर्गात नेहमीच येतात. इंग्रजी शाळेत जाणारी मुलं विचारतात, जेम्स आपल्या पुस्तकात का नाही? आहे की. याकोब आहे. जुन्या करारातला कुलपिता याकोब आणि नव्या करारातला येशूचा शिष्य याकोब, दोघांचं नाव एकच. इंग्रजीत एक जेकब झाला, दुसरा जेम्स, म्हणून तिकडच्या वाचकाला ते नातं दिसत नाही. मराठीत ते लख्ख दिसतं. अशा प्रश्नांना उत्तर देणं सोपं. 'वल्हांडण' मात्र उघडायला किल्लीच सापडेना.

घरातला शालेय शब्दकोश पाहिला. वल्हे, वल्हवणे, पुढे काही नाही. इंग्रजी बायबल काढलं. तिथे 'पासओव्हर' आहे, आणि हा शब्द विल्यम टिंडेलने घडवला. १५३० साली त्याने मोशेची पाच पुस्तकं इंग्रजीत छापली, तेव्हा मूळ हिब्रू 'पेसाख' जसाच्या तसा न ठेवता त्याने अर्थ उलगडून नवा जोडशब्द केला. नाश करणारा मिसरच्या घराघरांतून फिरला आणि रक्त लावलेली दारं टाळून पुढे गेला, ती रात्र. म्हणजे अर्थ कळला. समुद्राशी संबंध नाही, दाराशी आहे. पण मग मराठीत 'वल्हांडण' का? दार टाळून पुढे जाण्याचा आणि वल्ह्याचा काय मेळ?

उत्तर मे महिन्यात मिळालं, तेही सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या घरी. सातारा आणि सांगली वेगळे वाटतात, पण सांगली जिल्हा १९४९ मध्ये वेगळा निघाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं. सांगली हे नाव १९६० पासूनचं. कृष्णेच्या काठाकाठाने बोलणं एकच आहे. दुपारची जेवणं झाली होती. सोप्यात वाकळ अंथरून माझ्या मामेबहिणीचं पाच महिन्यांचं बाळ झोपवलं होतं, अगदी वाटेत. मी पाण्याचा तांब्या घेऊन आतून येत होते. बाजूने जायला जागा नव्हती, म्हणून एक पाय उचलून बाळाच्या पलीकडे टाकला.

"अगं ए! वल्हांडू नगंस त्येला!"

मावशी जात्याशेजारी निवडत बसली होती. ऐंशीच्या घरातली बाई, पण आवाज असा की बाळ दचकून जागं झालं. "वाढ खुटती लेकराची. माघारी फीर आदी. हाय तसा पाय माघारी घे."

मी एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे अशी उभी राहिले. तांब्यातलं पाणी हिंदकळून वाकळीवर सांडलं. मावशीला वाटलं मी घाबरले. मी तिला म्हणाले, "मावशी, काय म्हणालीस? परत म्हण."

"काय म्हनायचं? वल्हांडू नगं म्हनलं."

ओलांडणे. फक्त ओलांडणे! आमच्याकडे ओढ्याला वढा म्हणतात, ओळखीला वळख, ओट्याला वटा, ओल्याला वलं. ओलांडण्याचं वलांडणं, वल्हांडणं होणारच. आणि हे अशिक्षितांचं बिघडलेलं मराठी नव्हे. जुन्या मराठी पोथ्यांत शब्दाच्या आरंभीचा 'ओ' सर्रास 'वो' असा लिहिलेला असतो. ओवीची तिथे वोवी असते. मावशीच्या तोंडी त्या जुन्या वळणाचाच वारसा होता. शहरात येऊन मी तो विसरले होते, आणि विसरले म्हणूनच मला वल्हं दिसलं.

मी पाय माघारी घेतला. बाळाला उचलून मांडीवर घेतलं. मावशीला सांगितलं की पवित्र शास्त्रात हाच शब्द आहे, सणाचं नाव आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. ती ख्रिस्ती नाही. माझ्या आईचं माहेर वारकरी. मग म्हणाली, "देवानं कुनाला वल्हांडलं? वल्हांडणं चांगलं न्हवं."

त्या वाक्याने माझा आनंद जागच्या जागी थांबला, कारण तिचं म्हणणं खरं होतं. आपल्याकडे झोपलेलं मूल ओलांडत नाहीत, जेवणाचं ताट ओलांडत नाहीत, तिठ्यावर टाकलेला उतारा तर नाहीच नाही. मर्यादा ओलांडली म्हणजे वाईट झालं. मग ज्या रात्री देवाने लेकरं वाचवली, त्या रात्रीला मराठीत हे नाव कसं दिलं?

हे नाव दिलं तरी कुणी? मराठी बायबलाच्या मागे एक हात नाही. विल्यम केरीने बंगालमधल्या श्रीरामपुरात बसून मराठी भाषांतर सुरू केलं, पंडित वैजनाथांच्या मदतीने, आणि १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान छापलं. १८१३ पासून मुंबईत अमेरिकन मिशनचे लोक आले. त्यांनी १८२६ पर्यंत नवा करार पुरा केला. यातला एक माणूस माझ्या आजोळच्या जिल्ह्यातला म्हणावा लागेल. ॲलन ग्रेव्हज १८१८ मध्ये मुंबईला आले, तब्येत खालावली म्हणून महाबळेश्वरी माल्कम पेठेत राहायला गेले, आणि तिथल्या धुक्यात, पावसात मराठी शास्त्राच्या भाषांतरावर झिजत राहिले. १८४३ च्या डिसेंबरअखेर ते तिथेच वारले. संपूर्ण मराठी बायबल त्यानंतर, १८४७ मध्ये आलं. ग्रेव्हज यांच्या खिडकीखालून रोज चाललेली भाषा कोणती असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. लाकडाच्या मोळ्या घेऊन चढ चढणारी माणसं, त्यांच्या तोंडी वढा आणि वलांडणं. शब्द त्यांच्याकडूनच आला असा माझा दावा नाही. पण असे शब्द कुठल्याही परदेशी माणसाला स्वतःच्या डोक्यातून सुचत नाहीत. ते शेजारी बसलेल्या कुणा मराठी माणसाच्या तोंडून येतात, आणि त्या माणसाचं नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर क्वचितच असतं.

पंडिता रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्तिसदनात स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. न शिकलेल्या बाईला कळावं, हा त्यांचा ध्यास होता. माझी मावशी ही ती बाई. तिला शब्द कळला होता, आणि कळला म्हणूनच तिला तो खटकला होता.

सांगलीला परत आले ती या खटक्यासह. आता मराठी कोशात शोधून भागणार नव्हतं. हिब्रूकडे जायला हवं होतं. मला हिब्रू येत नाही, पण शब्दसूची वापरता येते, आणि आमच्या पाळकसाहेबांनी भाष्यांचे खंड दिले. उन्हाळी सुट्टीच्या संध्याकाळी मी ते घेऊन बसले.

'पेसाख' ज्या क्रियापदाशी जोडलेला आहे ते शास्त्रात फार थोड्या ठिकाणी येतं, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळंच काही सांगतं. पहिल्या राजांच्या अठराव्या अध्यायात एलीया लोकांना विचारतो की दोन मतांच्या मध्ये किती दिवस लंगडत राहणार. तिथे हेच क्रियापद आहे. त्याच अध्यायात बआलचे संदेष्टे वेदीभोवती नाचतात, तिथेही हेच. दाईच्या हातून पडून योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ लंगडा झाला, तिथेही हीच अक्षरं. लंगडणं, उड्या मारणं. एक पाय उचलून पलीकडे टाकणं. मी वाकळीवर जशी उभी होते, तशी.

आणि मग यशयाचा एकतिसावा अध्याय, पाचवं वचन. तिथे देव यरुशलेमेचं रक्षण कसं करतो हे सांगितलंय: पक्षी पिल्लांवर घिरट्या घालतात तसं. त्यातही हेच क्रियापद. इथे कुणी कुणाला ओलांडून निघून जात नाही. पंख पसरून वर थांबतं.

मी पुन्हा निर्गम बारा उघडलं. ख्रिस्ताच्या कितीतरी आधी ज्या यहुद्यांनी हे पुस्तक ग्रीकमध्ये नेलं, त्यांनी तेराव्या वचनात या क्रियापदासाठी झाकणं, आसरा देणं अशा अर्थाचा शब्द घेतला आहे, आणि तेविसाव्या वचनात मात्र जवळून जाणं असा. एकाच अध्यायात दोन अर्थ. त्यांनाही हा शब्द एका जागी धरून ठेवता आला नव्हता.

तेविसावं वचन मी त्या रात्री किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. एरवी मी त्यावरून भरभर जात असे. त्यात दोन जण आहेत. एक परमेश्वर, दुसरा नाश करणारा. परमेश्वर चौकटीवरचं रक्त बघतो, त्या दाराशी हे 'वल्हांडणं' करतो, आणि नाश करणाऱ्याला आत येऊ देत नाही. घर टाळून पुढे निघून गेलेला माणूस दुसऱ्याला आत जाण्यापासून अडवू शकत नाही. अडवायचं तर दारात थांबावं लागतं.

आदल्या वचनात आणखी एक गाठ निघाली. एजोबाची जुडी ज्यातल्या रक्तात बुडवायची, त्या वस्तूसाठीचा हिब्रू शब्द पात्र या अर्थाचा आहे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ उंबरा. ग्रीक भाषांतराने दाराजवळचं रक्त असं घेतलं, लॅटिनने उंबऱ्यावरचं. १८९६ साली हेन्री क्ले ट्रंबुल या अमेरिकेतल्या संडे स्कूल चळवळीच्या पुढाऱ्याने यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, कोकरू उंबऱ्यावरच कापलं गेलं आणि देव पाहुण्यासारखा तो उंबरा ओलांडून घरात आला. मला हे ओढूनताणून आणलेलं वाटतं. जुडी बुडवायला भांडंच हवं. पण उंबऱ्याची आठवण करून दिल्याबद्दल मी त्याची ऋणी आहे, कारण मराठीत ओलांडायचा म्हटलं की पहिला उंबराच येतो. नवी सून तो ओलांडून आत येते. रागावलेला मुलगा तो ओलांडून बाहेर जातो. संध्याकाळी त्यावर कुणी बसलं की मावशी ओरडते. आत आणि बाहेर यांच्यामधली ती पाच-सहा बोटांची जागा. आमचा शब्द नेमका त्या जागेवर उभा होता, आणि मी त्याला नदीत नेऊन सोडला होता.

हा सण आपल्या मातीला परकाही नाही. कोकणातले बेने इस्राएल तो पिढ्यान् पिढ्या पाळत आले. १८७४ मध्ये पुण्यात त्यांच्या समाजातल्या दोघा टळकरांनी त्या रात्रीचं वाचन हिब्रू आणि मराठीत एकत्र छापलं. त्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. माझ्या मावशीच्या सोप्यात त्या सहज खपल्या असत्या.

जूनमध्ये वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्याच रविवारी मी मुलांसमोर उभी राहून म्हणाले की मार्चमध्ये मी चुकीचं सांगितलं होतं. मग सगळं सांगितलं: बाळ, तांब्या, मावशीची हाक, लंगडा मफीबोशेथ, घिरट्या घालणारे पक्षी. मुलांनी खोलीच्या उंबऱ्यावरून उड्या मारून पाहिल्या. एकाने दारात हातपाय पसरून उभं राहून दुसऱ्यांना अडवून दाखवलं. बराच गोंधळ झाला.

ती मुलगी बाकावरच होती, पुस्तक उघडं ठेवून.

"म्हणजे तो दारात उभा होता," ती म्हणाली.

"हो, मला तसं वाटतं."

"रात्रभर?"

"सकाळपर्यंत कुणी घराबाहेर पडू नये, असं बाविसाव्या वचनात आहे."

तिने बोटाने ओळ शोधली, वाचली. मग बंद दाराकडे बघत विचारलं, "मग आतल्यांना कसं कळलं, की तो बाहेर आहे?"

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले, आणि आम्ही दोघींनी अध्याय पुन्हा पहिल्या वचनापासून वाचायला घेतला.